स्वप्न अर्ध्यावर राहिलं

ताई,

मी ३८ वर्षांची आहे. नोकरी करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. मुलगी आठ वर्षांची. गेल्या महिन्यात एका सकाळी ती मला रात्री पडलेलं स्वप्न सांगत होती. मी ऑफिसच्या ग्रुपवरचं काहीतरी वाचत होते आणि "हं, हं" करत होते. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ती बोलायची थांबलीय. आत जाऊन विचारलं, "पुढे काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही, संपलं." ती रुसली नव्हती, रडवेलीही नव्हती. तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री रागाच्या भरात मी सगळी ॲप काढून टाकली. पाच दिवस निभावलं. सहाव्या दिवशी शाळेचा एक निरोप चुकला, ऑफिसात "तू ग्रुपवर नाहीस का?" झालं आणि येरे माझ्या मागल्या. ही तिसरी वेळ. आता दिवसा मी जरा सांभाळते. पण रात्री सगळे झोपले की एक-दीड वाजेपर्यंत छोटे छोटे व्हिडिओ बघत पडते. काय बघितलं ते सकाळी आठवतही नाही. खरं तर दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो. पण सकाळी स्वतःचाच राग येतो.

माझ्यात मनोनिग्रहच नाही का? सरळ बटणांचा साधा फोन घेऊन टाकू का?

— एक आई



तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा स्वप्नापाशी थांबले. दुसऱ्यांदा थांबले ती "तेवढाच वेळ माझा असतो" या वाक्यापाशी. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं सगळी गाठ तिथेच आहे. त्याकडे येतेच. आधी मनोनिग्रहाचं बोलू, कारण तो काटा निघाल्याशिवाय माझं पुढचं बोलणं तुम्हाला पटायचं नाही.

बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. कबुतराने बटणावर चोच मारली की दाणा मिळायचा. ठरावीक इतक्या टोचण्यांनंतर दाणा मिळत असेल, तर दाणा खाऊन कबुतर जरा विसावतं. पण कधी तिसऱ्या टोचणीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा दाणा मिळायला लागला की ते विसावतच नाही, टोचत राहतं. आणि दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. आता रात्रीचा तुमचा अंगठा आठवा. दहा व्हिडिओ पाणचट, अकरावा असा की मोठ्याने हसू फुटावं. त्या अकराव्यासाठी पुढचे वीस बघितले जातात. प्रत्येक व्हिडिओ चांगला असता, तर तुम्ही कदाचित लवकर झोपला असता.

त्यात दुसरी गोष्ट अशी की तिथे शेवट नाही. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, मालिकेचा भाग संपतो. इंटरनेटवरही पूर्वी पान संपायचं आणि 'पुढचं पान' वर बोट ठेवावं लागायचं. त्या क्षणभरात मन विचारायचं, आणखी बघायचंय का? एझा रास्किन या डिझायनरने २००६ साली न संपणारं पान तयार केलं. त्याचा हेतू लोकांची सोय हाच होता. पुढे त्याचा केवढा उपयोग, खरं म्हणजे दुरुपयोग झाला ते बघून त्याने स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. म्हणजे तुम्ही थांबत नाही असं जे तुम्हाला वाटतं, त्यातला मोठा भाग हा की थांबायची जागाच काढून घेतलेली आहे. शेकडो हुशार माणसं दिवसभर पगार घेऊन ज्या कामाला लागलीत, त्यांच्यासमोर तुम्ही रात्री साडेअकराला, दमून, एकट्या उभ्या राहता. तिथे हार झाली तर त्याला मनोनिग्रहाचा अभाव म्हणू नका.

हे कळल्याने हात थांबत नाही, याची मला कल्पना आहे. पण "मी अशी कशी" म्हणत कूस बदलणं तरी थांबावं. कारण स्वतःचा राग आला की तो विसरायलाही हात परत फोनकडेच जातो. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात फोन माझ्या उशाशी असायचा, आवाज पूर्ण मोठा. केव्हाही फोन येईल म्हणून जीव टांगणीला लागलेला. ती गेल्यावर जवळजवळ वर्षभर मी रात्री दोनला उठून स्क्रीन बघत होते. निरोप येण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. लाज वाटायची म्हणून मी आणखी काहीबाही बघत बसायची. लाज गेली तेव्हाच मला फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं जमलं.

आता तुमचा उपास तीनदा का मोडला ते बघू. तुम्ही चार वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून बाहेर फेकल्यात: ऑफिसचा ग्रुप, शाळेचे निरोप, आपल्या माणसांशी बोलणं आणि रात्रीचे व्हिडिओ. पहिल्या दोन गोष्टींशिवाय तुमचं चालत नाही, तिसरी तर हवीच. मग गाठोडं परत आणावंच लागलं, आणि त्याबरोबर चौथीही घरात आली. साधा फोन घेऊ नका असं मी म्हणते ते याचसाठी. तोही असंच सगळं एकदम फेकणं आहे. सहाव्या दिवशी तो खणात जाईल आणि तुमच्या नावावर चौथी हार लागेल. पुढे कधी, सगळं मार्गी लागल्यावर, हौसेने घ्यावासा वाटला तर जरूर घ्या. शिक्षा म्हणून नको.

गाठोडं सोडून एकेक वस्तू वेगळी करा. शाळेचा ग्रुप दिवसातून दोनदा बघितला तर पुरतो. तो कायमचा म्यूट करा आणि बघायच्या वेळा ठरवा, एक दुपारची, एक संध्याकाळची. म्यूट करणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे. निरोप तिथेच असतो, फक्त तुम्ही बोलावल्यावर समोर येतो. निरोप चुकेल ही भीती असेल, तर दुसऱ्या एखाद्या पालकाला सांगून ठेवा, "काही तातडीचं असलं तर मला फोन कर." बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांनाही तेच हवं असतं.

मग एकदा निवांत बसून फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि प्रत्येक ॲपला एकच प्रश्न विचारा: ही हाक माणसाची आहे का? बहीण बोलावतेय, डॉक्टरांचा फोन आहे, या माणसांच्या हाका. "तुमच्यासाठी नवीन काहीतरी", "अमुक जणाने बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला", या यंत्राच्या हाका. माणसाची नसलेली प्रत्येक हाक बंद करा. दोन-तीन दिवस चुकल्याचुकल्यासारखं होईल, खिशात फोन थरथरल्याचा भासही होईल. मग कमी होतं.

ऑफिसचं थोडं अवघड आहे, कारण तिथे तुमच्या एकटीच्या हातात सगळं नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे की ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्यात. कायदा करण्याची वेळ आली, यावरून हा प्रश्न किती जणांचा आहे ते कळतं. तुमच्या वरिष्ठांशी एवढं मात्र बोलता येईल: "संध्याकाळी सातनंतर मी ग्रुप बघत नाही, तातडीचं असेल तर फोन करा." हे सांगताना माफी मागू नका आणि कारणांची माळही लावू नका. लोक मेसेज सहज टाकतात. रात्री दहाला फोन लावायचा म्हटलं की खरंच एवढी घाई आहे का, असा विचार करतात. तेवढ्यानेच निम्मं काम होतं. फोनवर 'व्यत्यय नको'ची सोय असते. त्यात मोजक्या माणसांचे फोन येऊ देता येतात, आणि तोच माणूस थोड्या वेळात पुन्हा फोन करत असेल तर तो वाजेल अशीही सोय असते. ती लावून ठेवलीत की "घरच्यांना काही झालं तर?" ही धाकधूक राहत नाही.

त्या सकाळबद्दल आणखी एक सांगते. २००९ मध्ये सोफी लरॉय या अभ्यासिकेने एका साध्या गोष्टीला नाव दिलं: एका कामावरून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही अंश मागच्या कामातच अडकून राहतो. म्हणजे ऑफिसचा मेसेज वाचून तुम्ही फोन खाली ठेवला असता, तरी पुढची काही मिनिटं डोकं तिकडेच राहिलं असतं आणि स्वप्न अर्धंच ऐकलं गेलं असतं. म्हणून "मुलगी बोलायला आली की फोन ठेवायचा" हा नियम पुरत नाही. ती शाळेत जाईपर्यंत तो उघडायचाच नाही, हे त्याहून सोपं आणि जास्त उपयोगी. सकाळचा तो तास-दीड तास ऑफिस तुमच्यावाचून चालतं. विश्वास बसत नसेल तर आठवडाभर करून बघा.

आणि फोनला घरात एक जागा द्या. जुने फोन भिंतीजवळ, तारेला बांधलेले असायचे. बोलायचं असेल तर आपण उठून त्यांच्यापाशी जायचो. आताचा फोन आपल्या मागे मागे प्रत्येक खोलीत येतो. एक कोपरा ठरवा, चार्जर कायमचा तिथेच ठेवा. घरात असताना फोन तिथे असेल, वाजला तर ऐकू येईल. बघायचा असेल तर तिथे जाऊन, उभ्यानेच बघा. उभ्याने बघण्यात फार गंमत आहे, पाय दुखायला लागले की माणूस आपोआप आटपतं. झोपायच्या खोलीत गजराचं घड्याळ ठेवा. "गजरासाठी लागतो" ही आपली सर्वात जुनी सबब आहे.

आता रात्रीकडे येते.

"दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो," असं तुम्ही लिहिलंत. सकाळपासून तुम्ही ऑफिसच्या, मुलीच्या, घराच्या. रात्री अकराला पहिल्यांदा कुणी काही मागत नाही. त्या वेळी झोपायचं म्हणजे डोळे मिटून थेट दुसऱ्या दिवशीच्या कामाला हजर व्हायचं. मग माणूस झोप पुढे ढकलतो. तुमच्यासारखी कितीतरी माणसं हे करतात, आणि त्यातली बहुतेक दिवसा फार जबाबदारीने वागणारी असतात. तो व्हिडिओ तुम्हाला आवडतो म्हणून तुम्ही बघत नाही, सकाळी तो आठवतही नाही. तुम्हाला हवं असतं ते "मला कुणी हाक मारणार नाही" हे. फोन ते देतो, म्हणून तो सुटत नाही.

तेव्हा माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की आधी फोन काढून घेऊ नका. तो जे देतोय ते आधी दुसरीकडून मिळवा. दिवसातला अर्धा तास, अजून उजेड आहे आणि तुमच्यात थोडा जीव आहे अशा वेळचा, तुमच्या नावावर करून घ्या. तो मिळाल्याशिवाय रात्रीचा तास सोडायला मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मग तुमच्याकडे काहीच उरणार नाही.

यासाठी घरात बोलावं लागेल. पत्रात तुम्ही "सगळे झोपले की" लिहिलंत, पण त्या 'सगळ्यां'मधली मोठी माणसं दिवसभरातलं काय उचलतात ते लिहिलं नाहीत. नवरा असेल, सासू असेल, जे कुणी असेल त्यांना "मला जरा मदत करा" असं मोघम सांगू नका. मोघम विनंतीला मोघमच उत्तर मिळतं. नेमकं सांगा: संध्याकाळी साडेसहा ते सात मी दार लावून बसणार, मुलीचं काही निघालं तर तुम्ही बघायचं, मला हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात दारावर थाप पडेल. कात्री कुठे आहे, हेसुद्धा विचारलं जाईल. उठू नका. कात्री सापडते.

त्या अर्ध्या तासात काय करायचं हे मी सांगणार नाही. छताकडे बघत पडून राहा. जुनी सोडलेली एखादी गोष्ट असेल, गाणं, विणकाम, चित्र, एकटीने चालणं, तर ती परत धरा. हाताला काम असलेली गोष्ट बरी, कारण दोन्ही हात गुंतले की फोन उचलायला तिसरा हात लागतो. फक्त तो अर्धा तास "उपयोगी" करायच्या मागे लागू नका. राहिलेली कामं उरकलीत तर तो पुन्हा दुसऱ्यांचाच झाला.

हे दोनेक आठवडे स्थिरावलं की मग रात्रीला हात घाला, तोही हळूच. फोन त्याच्या कोपऱ्यात. व्हिडिओ बघायचेच असतील तर कोपऱ्यात उभ्याने. यूट्यूबवर बघत असाल, तर तिथे बघितलेल्या व्हिडिओंची नोंद पुसून ती बंद करता येते. तसं केलं की मुख्य पान जवळजवळ रिकामं होतं, आणि काय बघायचं ते आपल्यालाच शोधावं लागतं. आपल्याला नेमकं काय बघायचंय हे रात्री अकराला बहुतेकदा सुचतच नाही, आणि माणूस झोपायला जातो. शक्य असेल तर स्क्रीन काळी-पांढरीही करून बघा. रंग गेले की बराचसा मोह ओसरतो. काहींना याचा उपयोग होतो, काहींना चिडचिड होते. चिडचिड झाली तर सोडून द्या.

मधे एखादी रात्र पुन्हा दीड वाजेल. वाजू द्या. तिला "चौथी हार" म्हणू नका. त्या दिवशी संध्याकाळचा अर्धा तास मिळाला होता का, एवढं मात्र आठवून बघा. मला खात्री आहे, बऱ्याचदा उत्तर "नाही" असेल. फोनमध्ये किती तास गेले हे दाखवणारा आकडा रोज बघू नका. वजनकाट्यावर रोज उभं राहणाऱ्यासारखं होतं, जीव आकड्यात अडकतो.

राहता राहिली मुलगी.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी हसतखेळत असते, मग थोडा वेळ चेहरा एकदम निर्विकार करते. बाळ हात हलवतं, आवाज करतं, तिला परत आणायचा प्रयत्न करतं, शेवटी तोंड फिरवतं. हे तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल आणि मनात बोच लागली असेल. पण त्याच माणसाच्या पुढच्या कामातला भाग फारसा सांगितला जात नाही. चांगल्या, प्रेमळ आया आणि त्यांची बाळंसुद्धा बराच वेळ एकमेकांशी जुळलेली नसतातच. सूर सुटतो, पुन्हा जुळतो, पुन्हा सुटतो. मुलाला बळ मिळतं ते पुन्हा जुळण्यातून. तुम्ही त्या सकाळी उठून आत गेलात, "पुढे काय झालं गं?" विचारलंत. ती जुळवण्याचीच सुरुवात होती. तिने दार पूर्ण उघडलं नाही, एवढंच.

तिला बसवून "आई आता फोन बघणार नाही" असं वचन देऊ नका. तुम्ही बघाल, आणि ती मोजेल. त्याऐवजी फोन हातात घेताना मोठ्याने सांगायची सवय लावा: "शाळेचा निरोप बघते, दोन मिनिटं", "मावशीला उत्तर देते". पूर्वी आई काय करतेय ते मुलांना दिसायचं. पत्र लिहितेय, हिशोब करतेय, वाचतेय. आता सगळ्या कामांत आईचा चेहरा सारखाच दिसतो, खाली झुकलेला, आणि मुलाला एवढंच कळतं की मी तिथे नाही. सांगण्याचा तुम्हालाही फायदा होईल. "उगाच बघतेय" हे मोठ्याने म्हणायची वेळ आली की हात परत खाली जातो.

ते स्वप्न तिला पुन्हा विचारू नका. ते गेलं. एखाद्या सकाळी फोन कोपऱ्यात असताना, तिची वेणी घालता घालता, तुम्हाला पडलेलं एखादं स्वप्न तिला सांगा. विचित्र, अर्धवट, कसंही असू दे. ती मधेच तोडेल, म्हणेल, "मला तर ना, काल..." तेव्हा तुमचं राहू द्या, आणि तिचं ऐका.